टाकणारी बाजू

कंपनीच्या कागदावर माझ्या आईचा अपघात दीड ओळीचा आहे. यंत्र चालू असताना साफसफाई करताना सदर महिला कामगाराच्या निष्काळजीपणामुळे उजव्या हाताच्या बोटांना इजा. खाली शिक्का आणि सही. ‘इजा’ म्हणजे काय ते मी सांगते, कारण त्या दीड ओळीत तेवढी जागा नव्हती. अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून गेलं. मधलं अर्धं गेलं. तिसरं आहे, पण वाकत नाही. भाकरी थापताना ते काठीसारखं ताठ राहतं आणि पिठात रेघ ओढतं.

‘निष्काळजीपणा’ म्हणजे काय, हे सांगायला मात्र दीड ओळ पुरणार नाही.

पौड रस्ता सोडून आत वळलं की भातखाचरांच्या जागी आता पत्र्याच्या शेड आहेत. त्यातल्या एका शेडमध्ये पराठे होतात. गोठवलेले, पाकिटातले, परदेशी जाणारे. मी तिथे पॅकिंगला होते आणि आई कणकेच्या बाजूला. दोघी एकाच ठेकेदाराच्या, सकाळी एकाच गाडीत कोंबून जाणाऱ्या. आई रोज घरी दहा भाकऱ्या थापून निघायची आणि तिथे जाऊन हजारो पराठ्यांची कणीक सांभाळायची. ‘घरचंच काम हाय, निस्तं मोठं,’ असं ती म्हणायची.

तिच्या मशीनला दोन लोखंडी रूळ होते. एकावर एक, आणि मध्ये पोळीच्या जाडीएवढी फट. एका बाजूने कणकेचा जाड पट्टा आत जायचा, दुसऱ्या बाजूने पातळ होऊन बाहेर यायचा. बायका त्यांना लाटणी म्हणायच्या. आणि दोन्ही बाजूंनाही त्यांनी नावं ठेवली होती. पट्टा आत ओढला जातो ती खाणारी बाजू. बाहेर येतो ती टाकणारी. खाणाऱ्या बाजूला जाळी होती. टाकणाऱ्या बाजूला भिंतीत खिडकी होती आणि जाळी नव्हती, कारण तिथे काही आत ओढलं जातच नाही, उलट बाहेर ढकललं जातं.

पाळी संपताना ही लाटणी पुसायची असत. कणीक वाळली की दगड होते. रूळ बंद करून पुसायचा म्हटलं तर समोर दिसतो तेवढाच पुसता येतो, मागचा तसाच राहतो. थोडा फिरवा, थांबवा, पुसा, पुन्हा फिरवा, असं केलं तर अर्ध्या तासावर वेळ जातो. चालू ठेवला तर फडका एका जागी धरून उभं राहायचं, रूळच फिरून फिरून पुसला जातो. सात मिनिटं. ‘चालू मशीनला हात लावू नका’ ही पाटी मशीनवरच लावलेली होती, आणि त्याच पाटीखाली सुपरवायझर घड्याळाकडे बघत उभा राहायचा.

म्हणून बायकांनी आपला कायदा केला होता. सगळ्यात जुनी बाई, जिला सगळ्या आक्का म्हणायच्या, नवीन बाईला पहिल्याच दिवशी खिडकीपाशी उभं करायची.

‘हितनं पुसायचं. टाकणाऱ्या अंगानं. फडका लाटण्याला टेकला का ते तुझ्याकडं ढकलून देतं. तिकडनं टेकवलास तर फडका जातो, मागनं तू जातीस. सासरी गेल्यागत, परत येणं न्हाई.’

बायका हसायच्या. पण चुकायच्या नाहीत. आई सहा वर्षं चुकली नव्हती.

आता थोडं माझ्याविषयी, कारण या गोष्टीत माझीही एक चूक आहे. माझे वडील एका बंद पडलेल्या कारखान्याच्या युनियनमध्ये होते. कारखाना गेला, पत्रकांचे गठ्ठे घरात राहिले. गुलाबी, पिवळे, पातळ कागद. आईने ते फळ्यांवर अंथरले होते, डब्यांखाली घातले होते. मी वाचायला शिकले ती हळदीच्या डब्याखालचं ‘जाहीर निषेध’ वाचून. चौथीत ‘आमची गाय’ या निबंधात मी लिहिलं होतं की गायीची पिळवणूक थांबलीच पाहिजे. बाईंनी शेरा मारला, ‘दूध कुठून येणार?’ वडिलांनी तो निबंध पौडच्या बसस्टँडवर चार जणांना दाखवला. अशा घरात वाढलेल्या मुलीला प्रत्येक गोष्टीत आरोपी आधी सापडतो, पुरावा नंतर.

अपघाताच्या दिवशी आमची लाइन सकाळपासून बंद होती. कणकेच्या मशीनची मोटर आदल्या दिवशी जळली होती. तिच्यात नवी तार भरून आणली होती आणि दुपारी ती बसवत होते. आम्ही पॅकिंगवाल्या खोकी दुमडत बसलो होतो. चारच्या सुमारास मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मग कुणीतरी ओरडलं, आणि आवाज थांबला.

आम्ही धावलो. लाल बटण आक्काने मारलं होतं. आई खिडकीपाशी उभी होती, वाकलेली, जणू रुळांमधून पलीकडे काही बघते आहे. हात सोडवायला फिटरला फट रुंद करावी लागली. त्या वेळात ती ओरडली नाही. जीपमध्ये बसवल्यावर म्हणाली, ‘माझा फडका कुटं हाय?’ दवाखाना येईपर्यंत तिने ते चार वेळा विचारलं.

घरी आल्यावर बघायला येणारी माणसं सुरू झाली. कुणी मोसंबी आणायचं, कुणी बिस्किटं, आणि प्रत्येकजण एक प्रश्न आणायचा. ‘लक्ष कुठं होतं गं?’ ‘चालू मशिनीत कुणी हात घालतं का?’ आई मान हलवायची. मला ते सहन व्हायचं नाही. मी पलंगाच्या मागे उभी राहून कामाचा वेग, ठेकेदारी, नफा असं सगळं सुरू करायचे. पाहुण्या बायका चहा संपवून उठायच्या.

सगळे गेले की आई मला विचारायची, ‘मी खिडकीकडंच व्हते ना?’

‘होय आई. मी पाहिलं.’

‘मंग हात आत गेला कसा? खिडकीकडनं जात न्हाई हात.’

तिने स्वतःच एक उत्तर तयार केलं. पाय घसरला असेल. तोल जाऊन हात फार आत गेला असेल. दोन महिन्यांत त्यातलं ‘असेल’ गळून गेलं. ती म्हणायला लागली, ‘माझंच चुकलं.’

कंपनीचे सेफ्टीचे साहेब आले ते नेमके याच सुमाराला. पुण्याचे, मऊ बोलणारे. चटईवर मांडी घालून बसले.

‘ताई, मार्चमध्ये आपला सुरक्षा सप्ताह असतो. सगळा स्टाफ एकत्र असतो. तुम्ही पाच मिनिटं बोललात तर फार इम्पॅक्ट पडेल. आम्ही शंभर वेळा सांगून होत नाही ते तुमच्या तोंडून ऐकून होईल.’

‘मला न्हाई जमायचं भाषण.’

‘लिहून आणलंय. फक्त वाचायचं. आणि नंतर कँटीनमध्ये तुमच्यासाठी हलकं काम बघतोय आम्ही.’

कागद टाइप केलेला होता. त्यात आई स्वतःच सांगत होती की तिच्या एका क्षणाच्या दुर्लक्षामुळे तिने आयुष्यभराचं नुकसान करून घेतलं, आणि सगळ्या भगिनींनी त्यापासून धडा घ्यावा. साहेब गेल्यावर तिने तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून पत्रकांच्याच फळीवर ठेवला.

‘वाचणार तू हे?’ मी विचारलं.

‘चुकलं तर चुकलं म्हणावं माणसानं.’

त्या संध्याकाळी मी दुसरं भाषण लिहिलं. दोन पानं. त्यात रक्तपिपासू, निर्दयी, दमनचक्र असं सगळं होतं. घरच्या फळीवर नव्हते असेही शब्द मी त्यात घातले होते. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

‘झालं?’

‘झालं.’

‘हे तुझ्या बापाचं हाय. चांगलं हाय. पण ह्यात माझा हात कुटं हाय?’

मी म्हटलं, सगळीकडे तुझाच हात आहे. ती म्हणाली, ‘माझा हात खिडकीकडनं आत गेला. तो कसा गेला ते ह्यात लिव्हलेलं न्हाई. जे मला ठावं न्हाई ते मी चारशे माणसांत बोलू व्हय?’

मी रागावले. दोन दिवस बोलले नाही. माझी चूक ती हीच. तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायच्या आधीच मी घोषणा देऊन मोकळी झाले होते.

उत्तर मिळालं ते कोळवणला, मामाच्या शेतावर. आईला जरा बरं वाटावं म्हणून फेब्रुवारीत आम्ही दोघी एसटीने गेलो होतो. मामाचा ओढ्याकाठी उन्हाळी भुईमूग होता. शेजारच्या शेतात शहरातल्या कुणाचा तरी बंगला झाला होता, आणि त्या बंगल्यासाठी आदल्या दिवशी विजेच्या डीपीवर नवीन जोडणी केली होती. मामाने पंप सुरू केला. मोटर नेहमीसारखी घुमली. पाइपातून करंगळीएवढी धार आली.

मामा धारेकडे बघून एक शिवी हासडून म्हणाला, ‘उलटी फिरतीया. बंगल्यावाल्यांनी फेज बदलून ठेवला.’

त्याने स्टार्टर बंद केला. मग पेटी उघडून तिन्ही फ्यूज काढले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. शेतात आम्ही तिघं आणि एक म्हैस.

आई म्हणाली, ‘दादा, हितं कोण चालू करायला येतंय?’

‘कोण न्हाई येत. म्हणून मी हात घालताना फ्यूज तितं ठेवू? तुझी वैनी रांडवली तर तिला कोण बघंल, तू?’

त्याने दोन वायरी एकमेकींच्या जागी लावल्या, फ्यूज बसवले, पंप सुरू केला. धार धाडकन पाटात पडली. मामा विडी पेटवायला वळला. आई मात्र तिथेच उभी होती, मोटरकडे बघत.

‘दादा, मोटर उलटी फिरतीया हे बघून कळतं का?’

‘बघून कसं कळंल, बाय? जोरात फिरताना निस्तं गोल दिसतं. पाण्यावरनं कळतं.’

‘आन पाणी नसलं तर?’

‘तर न्हाई कळत.’

आई बांधावर बसली. बांधलेला हात तिने मांडीवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘त्या दिशी मोटर नवी भरून आणली व्हती,’ ती म्हणाली. ‘आन लाटण्यात कणीक नव्हती.’

मला कळायला एक क्षण लागला. पट्टा असता तर तो उलट्या बाजूने आत जाताना कुणालाही दिसला असता. पण रूळ रिकामे होते, वाळलेल्या कणकेने पांढरे झालेले, आणि जोरात फिरताना नुसता पांढरा पट्टा दिसतो. मोटरच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. त्या दिवशी टाकणारी बाजूच खाणारी झाली होती. जाळी होती ती चुकीच्या बाजूला होती. आणि आई, सहा वर्षं पाळलेला नियम पाळत, खिडकीपाशी उभी राहून फडका टेकवत होती. तिचा हात तिच्या काळजीमुळे गेला होता.

मी उठून उभी राहिले. ‘फिटरला सोडायचा नाही!’

‘खाली बस,’ आई म्हणाली. ‘त्यानं वायरी जोडल्या आन चालवून बघितलं. बघायचंच असतं त्यानं. तवा आमाला पुसायला कुणी लावलं?’

सुपरवायझरने. ‘चालूच आहे तर पुसून घ्या, वेळ वाचेल.’ हे आक्कानेही ऐकलं होतं.

तरीही मी कामावर परतल्यावर फिटरला गाठलं. तो बिहारचा, चाळिशीचा, स्वतःच बारा तास उभा असलेला. चहाच्या टपरीवर त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं.

‘हाँ दीदी, उल्टा था. बाद में मैंने ही तार बदला. साहब को बोला भी. साहब बोले, चल रहा है ना अब? बस.’ मग कप ठेवून म्हणाला, ‘दो महीने से नींद नहीं है. माँ जी से बोलना.’

मी घरी येऊन सांगितलं. आईने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, ‘त्याचं नाव घ्यायचं न्हाई. कुटंच.’ आणि त्यानंतर, ‘तुजी वही आण.’

आमचं भाषण असं तयार झालं. ती सांगायची, मी लिहायचे, आणि ती माझ्या हातातून शब्द काढून घ्यायची. ‘निर्दयी खोड. उलटं ठेव. रक्त कशाला? रक्त समद्यांनी बघितलंय.’ शेवटी दहा-बारा वाक्यं उरली. मी म्हटलं, हे फार साधं झालं. ती म्हणाली, ‘त्यांना साधंच अवघड जातंय.’

सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम माल भरायच्या अंगणात होता. हिरवा मंडप, खुर्च्यांवर साहेब, खाली सतरंजीवर आम्ही. घोषवाक्य स्पर्धेचं बक्षीस झालं. मग सेफ्टीच्या साहेबांनी आईची ओळख करून दिली. ‘या ताईंनी मोठं मन दाखवलंय. स्वतःची चूक कबूल करायला धैर्य लागतं.’ त्यांनी तिच्या हातात टाइप केलेला कागद दिला. तिने तो डाव्या हाताने टेबलावर पालथा ठेवला.

‘मी चुकले न्हाई,’ ती म्हणाली.

तिने सतरंजीवरच्या बायकांकडे पाहिलं.

‘लाटणं उलटं फिरत व्हतं. मी खिडकीकडनं पुसत व्हते, आक्कानं शिकवलं तसं. तुमी समद्या पुसता तसं. त्या दिशी माझ्या जागी तुमच्यातली कोणपण असती तर तिचा हात गेला असता. आन जी जास्त नियमानं वागती तिचा आधी.’

‘ताई, आपण विषयावर—’ साहेब उठले.

‘विषयच हाय. माझा भाऊ अंगठाछाप हाय. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीत हात घालायचा तर फ्यूज काढून खिशात ठेवतो. हितं एवढे शिकलेले साहेब. फ्यूज कुणाच्या खिशात असतो, सांगा की.’

माइक बंद झाला. कुणी बंद केला ते मला दिसलं नाही. आईला त्याने फरक पडला नाही. ती उभ्या जन्मात माइकवर बोलली नव्हती, डोंगरात शेरडं हाकताना तिचा आवाज पलीकडच्या वाडीपर्यंत जायचा. शेवटची दोन वाक्यं तिने तशीच सांगितली.

‘बंद केल्याबिगर पुसू नका. आन कुणी माझी चूक म्हणंल तर त्याला म्हणा, चल, खिडकीकडनं हात लावून दाव.’

टाळ्या वाजल्या नाहीत. आक्का उठली, पुढे गेली आणि आईला धरून तिने सतरंजीवर आपल्या शेजारी बसवलं. साहेबांनी पुढचा कार्यक्रम पुकारला. बायकांनी खुर्च्यांकडून तोंडं वळवून घेतली आणि आईचा हात पाहायला लागल्या. तोवर तो त्यांनी नीट पाहिलाच नव्हता. कुणी विचारलं, दुखतो का. कुणी विचारलं, भाकरी जमते का. ‘जमती, रेघ पडती,’ आई म्हणाली.

कँटीनचं काम अर्थातच मिळालं नाही. ठेकेदाराने फोनवर सांगितलं, सध्या जागा नाही. अहवाल बदलला नाही. ती दीड ओळ अजून तशीच आहे, शिक्क्यासकट. त्याविरुद्ध आम्ही अर्ज केला आहे. तो मी लिहिला आणि आईने खोडला, आणि उरलेला दिला. उत्तर यायचं आहे. कुणी मला विचारतं, एवढ्या आटापिट्याने काय मिळालं? मला या प्रश्नाचा राग येतो. अपघाताच्या आधी हा प्रश्न कुणी मशीनला विचारला नव्हता, की सात मिनिटांत पुसून एवढं काय मिळतं.

मी एवढंच सांगू शकते की कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी पाळी संपताना मी मुद्दाम कणकेच्या बाजूला जाऊन उभी राहिले. सुपरवायझर घड्याळ बघत होता. लाटणी घुमत होती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओले फडके मांडीवर.

‘चला, चला, गाडी सुटेल.’

‘सुटू दे,’ आक्का म्हणाली. ‘बंद करा.’

‘अहो पाच मिनिटांचं काम आहे.’

‘मंग तुमीच पुसा.’

तो एकदा रुळाकडे गेला. खरंच गेला. फडकाही उचलला. खिडकीपाशी उभा राहून त्याने फिरत्या लोखंडाकडे पाहिलं, आणि मला दिसलं की ते कुठल्या बाजूला फिरतंय हे त्यालाही सांगता येत नाहीये. त्याने फडका खाली ठेवला आणि फिटरला हाक मारली.

मेन स्विच बंद झाला. लाटणी हळू झाली, थांबली. फिटर मागे जाऊन हाताने मोटरचा पट्टा ओढायला लागला. बायका उठल्या, पुसायला लागल्या, आणि दर वेळी समोरचा भाग स्वच्छ झाला की आक्का मागे हाक द्यायची, ‘अजून वीतभर!’ फिटर वीतभर फिरवायचा. ‘अजून वीतभर!’

गाडी गेली. आम्ही सगळ्या पौड रस्त्यापर्यंत चालत आलो. घरी पोचले तेव्हा आई दारात तांदूळ निवडत होती, डाव्या हाताने, अजून सावकाश.

‘किती येळ लागला?’ तिने विचारलं.

‘पस्तीस मिनिटं.’

‘लागू दे,’ ती म्हणाली.